अकरावीला सायन्स, पुढे विज्ञान का नाही?

(दोंडाईचा येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की खानदेशातल्या घराघरांत पुढचे काही दिवस एकच चर्चा असते. मुलाला ‘सायन्स’ मिळेल का? टक्के बरे असतील तर दुसरा विचार सहसा होत नाही. राज्यात २०२५ साली बारावीच्या परीक्षेसाठी १५ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली आणि त्यांतले जवळपास निम्मे विज्ञान शाखेचे होते. कला आणि वाणिज्य या दोन्ही शाखांची बेरीज केली तरी विज्ञान शाखेचा आकडा तिच्यापेक्षा मोठा भरतो.

हे चित्र पाहून कोणीही विचारेल, की विज्ञानाकडे विद्यार्थी येत नाहीत ही तक्रार आली कुठून? ती येते बारावीनंतर. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात पदवी स्तरावर कला शाखेत ३३.५ टक्के विद्यार्थी होते, विज्ञानात १५.५ टक्के. तालुक्याच्या ठिकाणी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गणित किंवा भौतिकशास्त्र घेतलेल्यांचा वर्ग पुष्कळदा पहिल्या दोन-तीन बाकांतच मावतो. त्यांतलीही काही मुले प्रवेश परीक्षेत गुण कमी पडले म्हणून तिथे आलेली असतात. विज्ञान शिकायचेच म्हणून आलेला विद्यार्थी शोधावा लागतो.

म्हणजे सोळाव्या वर्षी लाखो मुले विज्ञान शाखेत येतात आणि विसाव्या वर्षी त्यांतली थोडीच विज्ञानात उरतात. मधल्या चार वर्षांत काय घडते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. दोष मुलांच्या आवडीत नाही. विज्ञान हाताला लागण्याआधीच त्यांना दुसऱ्या वाटेला लावले जाते, आणि त्या विज्ञानावर त्यांच्याच गावात कोण पोट भरते हे त्यांना कोणी दाखवत नाही, असे या व्याख्यानाचे म्हणणे आहे.

आधी आवडीविषयी. या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेतील स्वाइन शोबर्ग आणि कॅमिला श्राइनर यांनी पंधरा वर्षांच्या मुलांचा एक मोठा अभ्यास केला. सुमारे चाळीस देशांत एकच प्रश्नावली दिली गेली. नॉर्वे, जपान यांसारख्या संपन्न देशांत शास्त्रज्ञ व्हावेसे वाटणारी मुले फार कमी निघाली. आफ्रिका आणि आशियातल्या विकसनशील देशांत मात्र बहुसंख्य मुलांनी शाळेतले विज्ञान आवडते असे सांगितले. देश जितका श्रीमंत, तितका मुलांचा ओढा कमी, असा तो कल होता. युरोपला मुलांच्या मनात विज्ञानाची आवड मुद्दाम रुजवावी लागते आहे. आपल्याकडे ती आधीच आहे.

ही आवड महाराष्ट्रात ज्यांनी जवळून पाहिली त्यांत खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर होते. मुले स्वाक्षरीसाठी वही पुढे करत, तेव्हा ते स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तरासोबत सही मिळेल, असे ते सांगत. अशी पत्रे त्यांच्याकडे येत राहिली आणि ते उत्तरे देत राहिले. प्रश्न विचारणारी ही मुले अकरावीत जातात तेव्हा त्यांचे काय होते?

अकरावीत त्यांची गाठ प्रवेश परीक्षेशी पडते. २०२४ मध्ये ‘नीट’साठी देशभरातून २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार. ‘जेईई’ आणि आपली ‘सीईटी’ यांचे चित्र फारसे वेगळे नाही. विज्ञान शाखेत आलेल्या मुलाची ‘पीसीबी’ आणि ‘पीसीएम’ अशी वाटणी पहिल्याच आठवड्यात होते. त्यानंतर भौतिकशास्त्र हा विषय राहत नाही, तो इतक्या मिनिटांत सोडवायच्या इतक्या प्रश्नांचा गट होतो. ऐपत असलेली मुले नाशिकला, लातूरला, काही थेट राजस्थानातल्या कोट्याला जातात. नाव गावातल्या महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आणि विद्यार्थी दुसऱ्या शहरातल्या क्लासमध्ये, हा प्रकार इतका बोकाळला, की २०१८ मध्ये राज्य सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला.

या धावपळीत पहिला बळी जातो तो प्रयोगाचा. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमधले टायट्रेशन घ्या. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, खाली शंकुपात्रात आम्ल आणि त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. डाव्या हाताने कळ हळूहळू फिरवायची, उजव्या हाताने पात्र हलवत राहायचे. बराच वेळ काहीच होत नाही. मग थेंब पडतो तिथे गुलाबी छटा उमटते आणि हलवताच जाते. पुढे ती रेंगाळू लागते, आणि एक थेंब असा पडतो, की सारे द्रावण फिकट गुलाबी होऊन तसेच राहते. त्या थेंबापाशी हात थांबला पाहिजे. एक थेंब जास्त पडला तर रंग गडद होतो आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. तीन वेळा केले आणि तिन्ही वाचने जुळली की मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते ते कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

बारावीच्या १०० गुणांत प्रॅक्टिकलचे ३० गुण आहेत. पण अनेक ठिकाणी हे टायट्रेशन मुले करतच नाहीत. उत्तर काय यायला हवे ते आधी कळते, त्यावरून उलटे गणित करून ‘रीडिंग’ लिहिले जाते आणि जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवले जाते. गुण पूर्ण मिळतात. ज्या मुलाने दोन वर्षांत एकदाही स्वतःच्या हाताने काही मोजलेले नाही, त्याने पुढे तीन वर्षे रसायनशास्त्र का निवडावे? या शास्त्राची त्याची ओळखच झालेली नसते.

दुसरा अडसर भाषेचा. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या मुलाला अकरावीत सगळे एकदम इंग्रजीतून समोर येते. धडा समजत नाही, म्हणजे आपल्याला विज्ञान जमत नाही, असे त्याला वाटू लागते. या बाबतीत खानदेशाकडे स्वतःचा अनुभव आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. केंद्राचे प्रमुख प्रा. वि. गो. कुलकर्णी हे भौतिकशास्त्रज्ञ. ग्रामीण भागातल्या कामासाठी त्यांनी जी गावे निवडली त्यांत जळगाव जिल्ह्यातील, रावेर तालुक्यातील खिरोदा होते. मुंबईचे शास्त्रज्ञ सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन प्राथमिक शिक्षकांबरोबर बसले, गावात मिळणाऱ्या वस्तूंमधून प्रयोग उभे केले. पुढे याच केंद्राने मुंबई महापालिकेच्या शाळांतील वंचित घरांतल्या मुलांबरोबर काम केले. पुस्तकातली भाषा सोपी केली, प्रयोग आणि चर्चा यांना वेळ दिला, तर ज्यांना ‘ढ’ समजले जात होते ती मुले दहावीत कितीतरी पुढे जातात, हे त्यातून दिसून आले. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमानेही प्रयोगातून शिकवण्याची हीच वाट तीस वर्षे चालवली. तेव्हा ग्रामीण मुलाला विज्ञान झेपत नाही, हे म्हणणे खानदेशाच्या मातीतच खोटे ठरलेले आहे.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे यावे लागेल. तो वडील विचारतात, आणि आपल्याकडे तो अहिराणीत विचारला जातो: “बी.एस्सी. करीसन काय करशी?”

हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. तीन वर्षे बी.एस्सी., दोन वर्षे एम.एस्सी., मग नेट-सेट, मग पीएच.डी.ची चार-पाच वर्षे. एवढे करूनही अनेकांना वरिष्ठ महाविद्यालयात ‘सीएचबी’वर, म्हणजे तासाच्या मानधनावर, वर्षानुवर्षे शिकवावे लागते. मान्य पदे रिकामी आणि शिकवणारे तासिकेवर, ही स्थिती विद्यार्थी रोज वर्गात पाहतो. ज्या सरांनी आयुष्य या विषयाला दिले त्यांचीच घडी बसलेली नाही, हे त्याला दिसत असते. कापसाचा एक हंगाम वाया गेला तर वर्षाचे गणित कोलमडणाऱ्या घराने दहा वर्षे वाट पाहावी, ही अपेक्षा न्याय्य नाही. त्यापेक्षा पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी घराला समजते.

देशानेही या मुलांसाठी पुरेसा खर्च केलेला नाही. २०२०-२१ मध्ये भारताने संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च केला. त्या सुमारास चीनचा खर्च २.४ टक्क्यांच्या आसपास आणि दक्षिण कोरियाचा साडेचार टक्क्यांहून अधिक होता. प्रयोगशाळा, संशोधकांच्या जागा आणि शिष्यवृत्त्या या टक्क्यांमधूनच येतात. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडला, तेव्हा पुढच्याच वर्षी अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा करून विज्ञान आणि गणिताच्या शिक्षणाला मोठा निधी दिला. विद्यार्थी पैशामागे जातात असे म्हणण्यापेक्षा, देश ज्या कामाची किंमत करतो तिकडे विद्यार्थी जातात, असे म्हणणे अधिक खरे आहे.

मुलींची वाट आणखी कठीण. कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आल्या. तरीही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना प्रवेश नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, आणि कारण एकच होते: त्या स्त्री होत्या. त्या हटल्या नाहीत. अटी घालून मिळालेला प्रवेश त्यांनी घेतला, काम करून दाखवले, आणि पुढे केंब्रिजमधून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. नंतर त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले, तेही कुपोषित आदिवासी मुलांचा विचार डोळ्यांपुढे ठेवून. नंदुरबारच्या शेजारी राहणाऱ्यांना या विषयाचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. आज प्रवेश कोणी नाकारत नाही. पण प्रॅक्टिकलची बॅच दुपारनंतर ठेवली जाते आणि गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. त्याआधी सुटते. मग घरून सांगितले जाते, आर्ट्स घे, दुपारपर्यंत घरी येशील. वेळापत्रकातल्या दोन तासांनी एका मुलीचे आयुष्य वेगळ्या दिशेला जाते.

इथपर्यंत अडचणींची यादी झाली. पण दोंडाईचासारख्या गावात या प्रश्नाची दुसरी बाजू अगदी नजरेच्या टप्प्यात आहे.

गावातला स्टार्चचा कारखाना सर्वांना माहीत आहे. मक्याचे ट्रक आत जातात हे दिसते. आत काय होते ते फारसे सांगितले जात नाही. मका सल्फर डायऑक्साइड मिसळलेल्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात. दाणा मऊ पडला की त्याचा कोंब, साल आणि प्रथिन वेगळे काढतात, उरतो स्टार्च. त्यावर विकरांची, म्हणजे एन्झाइमची क्रिया घडवली की लिक्विड ग्लुकोज तयार होते. शाळेत मुले भाताच्या पेजेवर आयोडीन टाकतात, निळा-काळा रंग येतो. लाळ मिसळल्यावर काही वेळाने तो रंग येत नाही. लाळेतले जे विकर स्टार्च तोडते, त्याच कुळातले विकर या उद्योगात टनावारी मालावर काम करते. प्रयोगवहीतल्या एका पानावर अख्खा उद्योग उभा आहे. शाळेतून तिथपर्यंत मुले फार तर सहलीला जातात, शिकायला जात नाहीत.

मिरचीचेही तसेच. हंगामात दोंडाईचा-नंदुरबार भागात लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. व्यापारी मिरची हातात घेऊन रंग पाहतो, मोडून आवाज ऐकतो. या पारखण्यामागे रसायनशास्त्र आहे. तिखटपणा कॅप्सेसिनमुळे, लाल रंग कॅप्सँथिन या रंगद्रव्यामुळे. तिखटपणा मोजण्याची पहिली पद्धत विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये दिली. आता ते काम यंत्रे करतात. मिरचीत ओल जास्त राहिली तर बुरशी लागते, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि परदेशी जाणारा माल परत येतो. म्हणजे मिरचीची ओल, रंग आणि विष मोजून त्याची खात्री देणारा माणूस या बाजाराला हवा आहे. तो बी.एस्सी. झालेला रसायनशास्त्राचा किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी असू शकतो.

जमिनीखालीही विज्ञान आहे. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत शेतांतून, डोंगरांतून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती गेलेल्या दिसतात. या मानवनिर्मित नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर येत असताना भेगांमध्ये थिजलेला तो दगड आहे. भूशास्त्रात याला डाईक म्हणतात. संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या भागातल्या दोनशेहून अधिक डाईकची नोंद केली. साक्री-धुळे-पारोळा ही डाईक ७९ किलोमीटर लांब आहे. जगभरचे भूशास्त्रज्ञ ज्या दगडांवर निबंध लिहितात, त्यांवर इथली मुले बसून डबा खातात. हे दगड भूजल अडवतात किंवा वळवतात, म्हणून विहिरीला पाणी कुठे लागेल याच्याशीही त्यांचा संबंध आहे.

तापीच्या पलीकडे शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकर या निवृत्त भूवैज्ञानिकाने २००४ पासून नाले खोल आणि रुंद केले, बंधारे बांधले आणि पाणी जमिनीत मुरवले. गाळाच्या प्रदेशात पाणी अडवणारा मातीचा थर कुठे आहे आणि तो किती खोल कापला की पाणी खाली उतरेल, हे त्यांना शिक्षणातून आणि नोकरीतल्या अनुभवातून माहीत होते. ‘शिरपूर पॅटर्न’ शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. हा पॅटर्न भूशास्त्राच्या पदवीतून आला, हे किती पालकांच्या लक्षात येते? विजेचेही तेच: साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. बारावीच्या भौतिकशास्त्रातला अर्धवाहकांचा धडा त्या सौरपट्ट्यांमध्ये रोज वीज तयार करतो.

तेव्हा ‘काय करशी?’ या प्रश्नाची काही उत्तरे तरी पंचक्रोशीत उभी आहेत. ती सगळ्यांना पुरणार नाहीत, आणि प्रत्येक उत्तर चांगल्या पगाराचे असेलच असे नाही. पण आज विद्यार्थ्याला त्यांतले एकही माहीत नसते.

विद्येसाठी बाजारपेठेने हात पुढे करणे खानदेशाला नवीन नाही. चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे, शके ११२८ मधला, म्हणजे आठशे वर्षांपूर्वीचा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून पाटणला मठ काढला. स्थानिक निकुंभ वंशातील सोइदेवाने मठाला दान दिले, आणि त्या दानाचा तपशील दगडावर कोरला आहे. बाजारात होणाऱ्या खरेदी-विक्रीतला ठराविक वाटा मठाला, आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतात त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल. तो मठ गणित आणि ज्योतिष शिकवण्यासाठी होता. पाटणच्या तेल्याने भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले एकही गणित सोडवले नसेल, पण त्या विद्येच्या चरितार्थात त्याच्या घाण्याचा वाटा होता.

दोंडाईचा हे बाजाराचे गाव आहे. रेल्वे, मिरची, मका, कारखाना असे सगळे इथे आहे. म्हणून सरकारकडे मागण्या करतानाच काही गोष्टी गावाला स्वतः करता येतील.

पहिली, शाळा-महाविद्यालयाची प्रयोगशाळा रविवारी उघडी ठेवणे. प्रयोगशाळा साहाय्यकाचे मानधन आणि रसायनांचा खर्च व्यापाऱ्यांनी वाटून घेतला तर कोणा एकावर भार येत नाही. दुसरी, बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांकडून शेतकऱ्यांची माती, विहिरीचे पाणी आणि मिरचीची ओल तपासून घेणे आणि त्याचा मोबदला देणे. तिसरी, प्रॅक्टिकलच्या बॅचचे वेळापत्रक एस.टी.च्या वेळापत्रकाशी जुळवून घेण्यासाठी आगाराशी बोलणे. चौथी, माहिती. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ योजनेत बारावीत वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान निवडणाऱ्याला वर्षाला ८०,००० रुपयांची तरतूद आहे. सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पनांसाठी ‘इन्स्पायर-मानक’मध्ये १०,००० रुपये मिळतात. पुण्याची ‘आयसर’ २००६ पासून सुरू आहे आणि तिथे बारावीनंतर थेट विज्ञानाची पदवी घेता येते. ‘नीट’ची शेवटची तारीख ज्या घरात पाठ असते, त्याच घरात ‘आयसर’च्या प्रवेश परीक्षेचे नावही पोहोचलेले नसते.

सुरुवात लहान ठेवावी. येत्या हंगामात पथाऱ्या पसरतील तेव्हा नववीचा एक वर्ग तिथे न्यावा. प्रत्येक गटाने मिरचीचा नमुना घ्यावा, शाळेच्या तराजूवर वजन करावे, भट्टीत वाळवून पुन्हा वजन करावे आणि ओलीचे प्रमाण काढून ते व्यापाऱ्याला लेखी द्यावे. नंतर दहावीच्या निकालाआधी पालकांची बैठक बोलवावी. त्या बैठकीत कारखान्यातला रसायनतज्ज्ञ, भूजलाचे काम केलेला एखादा भूवैज्ञानिक आणि बी.एस्सी. शिकत असलेली याच तालुक्यातली एखादी मुलगी, अशा तिघांना बोलवावे. पालक पगार विचारतील, खर्च विचारतील, किती वर्षे लागतील ते विचारतील. तिघांनीही उत्तरे आकड्यांत द्यावीत.